चौदाव्या किलोमीटरची मोजणी

"नाना, फावडं घ्या अन् लाल झेंडा घ्या. मोरीवर ट्रॉली पलटी झालीय. दोन्हीकडं गाड्या अडकल्यात."

दूधवाल्या अशोकनं मोटारसायकल बंद न करताच हे सांगितलं. एप्रिल महिना होता, सकाळचे साडेअकरा वाजले असतील. मी अठराव्या किलोमीटरला साईडपट्टीत मुरूम भरत होतो. डांबर संपतं तिथून पुढं जी हातभर मातीची पट्टी असते, ती साईडपट्टी. मी रस्त्याच्या खात्यात मैलकुली होतो. दहा ते अठरा किलोमीटर माझ्याकडे. खड्डा बुजवायचा, फांदी पडली तर उचलायची, अपघात झाला तर रस्ता मोकळा करायचा. तेवीस वर्षं मी हेच केलं होतं.

"कोणाची ट्रॉली?" मी विचारलं.

"गर्दी होती. दिसलं नाही." असं म्हणून तो निघून गेला. त्याला सगळं दिसलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी सायकलवर मोरीकडे गेलो. पंधराव्या किलोमीटरला ओढा आहे, त्याच्यावरची ही मोरी. ट्रॅक्टर लांबूनच ओळखला. माझ्या मेहुण्याचा, केदाचा होता. ट्रॅक्टरची मागची चाकं डांबराच्या खाली घसरली होती आणि ट्रॉली ओढ्यात आडवी पडली होती. समोर एक कंटेनर उभा होता. रस्ताभर कांदा.

"केदा कुठंय?" मी पहिलं तेच विचारलं.

"जीपमधून नेला दवाखान्यात. पाय मोडलाय. जिवाला काही नाही," कोणीतरी म्हणालं.

मला बरं वाटलं. झेंडा मुरमात रोवला आणि कामाला लागलो. फावड्यानं कांदा एका कडेला केला. एक गाडी जाईल एवढी वाट झाल्यावर झेंडा हातात घेतला आणि आधी इकडच्या पाच गाड्या, मग तिकडच्या पाच, अशा सोडायला लागलो. गावची माणसं ओढ्याच्या काठावर उभी होती. एरवी अपघातात सगळे मधे मधे येतात, सल्ले देतात. त्या दिवशी कोणी काही बोलत नव्हतं. मला वाटलं, चला, आज शिस्तीत आहेत.

एका ट्रकवाल्यानं खाली वाकून विचारलं, "मामा, कोणी गेलं का?"

"एक बाई गेली म्हणतात," मी सांगितलं. मागं कोणीतरी बोललेलं कानावर आलं होतं. "चल, गाडी घे पुढं."

अर्धा तास तरी असा गेला असेल. मग आमचे पोलीस पाटील दामूतात्या माझ्याजवळ आले.

"नाना, झेंडा दे इकडं."

"कशाला?"

"दे. मी सोडतो गाड्या."

त्यांनी झेंडा माझ्या हातातून घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ट्रॉलीत मथुराबाई होती."

मथुरा माझी बायको. भावाच्या मळ्यात कांदा काढायला गेली होती. संध्याकाळशिवाय ती परतत नसे. त्या दिवशी बचत गटाची मीटिंग होती म्हणून भरल्या ट्रॉलीवर बसून लवकर निघाली होती.

मी तात्यांना विचारलं, "मग मला आल्या आल्या कोणी सांगितलं का नाही?"

ते म्हणाले, "तू काम करत होतास."

*

दहाव्याच्या दिवशी केदा आला. पायाला प्लास्टर, काखेत काठी. दोघांनी धरून त्याला ओट्यावर बसवलं. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मथुरेनं त्याला कडेवर वाढवला होता.

"दाजी," तो म्हणाला, "माझ्या हातून बहीण गेली."

मी काही बोललो नाही. मला बोलता आलं नाही, एवढंच. तो तासभर बसला आणि गेला. त्यानंतर तो माझ्या घरी आला नाही. पाय बरा झाला तरी तो ट्रॅक्टरवर बसला नाही. मळ्यातल्या पत्र्याखाली ट्रॅक्टर उभा केला, वर ताडपत्री टाकली आणि कांदा भाड्याच्या पिकअपनं मार्केटला पाठवायला लागला. गावात लोक बोलायचे. भरल्या ट्रॉलीवर बाईला कशाला बसवलं, थांबून कंटेनरला वाट का दिली नाही, असं सगळं. ते त्याच्याही कानावर जात असणार.

मी कामावर जात राहिलो. मोरी माझ्याच हद्दीत. ट्रॉली घसरली होती ती साईडपट्टी मीच परत भरली. दर पावसाळ्यात ती वाहून जायची, दर दिवाळीला मी भरायचो. रस्ता साडेतीन मीटरचा. समोरासमोर दोन मोठी वाहनं आली की एकाला खाली उतरावंच लागे. मोरीवर तर उतरायलाही जागा नव्हती.

*

वर्ष झालं. आमच्या भागाला नवीन अभियंता आल्या. डोंगरदिवे मॅडम, बुलढाण्याकडच्या. वय तीसच्या आसपास. जीप असली तरी अर्धा रस्ता पायी बघायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "शेवाळे, तुमच्या हद्दीत सगळ्यात वाईट जागा कोणती?"

"मोरी," मी म्हणालो. बाकी काही सांगितलं नाही. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं, कारण नंतर त्यांनी मला मोरीवरचं काम एकट्याला कधी दिलं नाही.

मे महिन्यात गावचे आठ-दहा लोक रस्ता रुंद करा म्हणून निवेदन घेऊन ऑफिसला आले. दामूतात्या पुढं, केदा सगळ्यात मागं. मी हजेरीच्या कामासाठी आलो होतो, दाराशी उभा राहिलो. मॅडमनी निवेदन वाचलं, कपाटातून एक फाईल काढली आणि टेबलावर उघडली.

"हा रस्ता दोन पदरी करायचा प्रस्ताव तीन वर्षांपूर्वीच गेला होता," त्या म्हणाल्या. "वरून परत आला."

"का?" तात्यांनी विचारलं.

"मोजणीत वाहनं भरली नाहीत. सात दिवस रस्त्यावर माणूस बसवून वाहनं मोजतात. रुंदीकरणाला जेवढी लागतात त्याच्या निम्मीच निघाली."

"निम्मी?" एक जण हसला. "मॅडम, सकाळी आठला आमच्या फाट्यावर या. रस्ता ओलांडायला पाच मिनिटं थांबावं लागतं."

"मी बघितलंय," मॅडम म्हणाल्या. "पण कागदावर निम्मीच आहेत."

तेव्हा केदा मागून बोलला. वर्षभरात त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "मग मोजणी खोटी आहे. कोणीतरी घरी बसून रेघा ओढल्यात. ती खरी केली असती तर रस्ता तेव्हाच झाला असता. माझी बहीण..." तो थांबला. "ज्यानं मोजली त्याला समोर आणा."

मी दाराशी उभा होतो. ती मोजणी मी केली होती.

मॅडमना ते माहीत होतं, प्रत्येक कागदाखाली माझी सही होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. फाईल मिटली आणि म्हणाल्या, "पुढची मोजणी दोन वर्षांनी आहे. मधेच घ्यायची तर आधीची चुकली होती असं कोणाच्या तरी सहीनं लेखी पाहिजे. मी बघते काय करता येतं."

लोक गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं.

"शेवाळे, हे तुमचंच ना?"

"हो. पण मी घरी बसून केलेली नाही, मॅडम. सकाळी सहा ते दुपारी दोन माझी पाळी. सात दिवसांत मी जागेवरून उठलो नाही. बाकी दोन पाळ्या बाहेरगावच्या माणसांच्या होत्या. त्यांचं मी सांगत नाही, माझं सांगतो. माझं खोटं नाही."

"तुम्ही खोटं केलं असं मी म्हणत नाही. हा रकाना बघा. ट्रॅक्टर-ट्रॉली. दिवसाला अकरा." त्यांनी बोट ठेवलं. "कांद्याचे दिवस होते, बाजार चालू होता. अकरा ट्रॅक्टर तर अर्ध्या तासात जातात."

"तेव्हा कमी असतील."

"मोटारसायकली चौतीस. पूर्ण सकाळच्या."

मला राग आला. मी सातवी शिकलेला माणूस, पण रेघ ओढता येते. चार उभ्या, पाचवी आडवी. मी म्हणालो, "मॅडम, पाहिजे तर उद्या परत बसवा मला तिथं. तुम्ही पण शेजारी बसा."

"बसू," त्या म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही चौदाव्या किलोमीटरला, आमच्या गावच्या फाट्यावर, कडुनिंबाखाली बसलो. मोजणीची जागा तीच. दोन खुर्च्या, दोन पाट्या, दोघांकडे तसलेच छापील कागद. मॅडम म्हणाल्या, "एकमेकांचं बघायचं नाही. दहाला थांबायचं."

रस्ता सुरू झाला. एस.टी. गेली, दोन ट्रक, एक टँकर. मी रेघा ओढत होतो. मधे गावचे लोक जात होते.

"नाना, राम राम. शाळेत घातलं का काय?" तुकाराम ट्रॅक्टरवरून ओरडला.

मी हात केला. "राम राम. तू नापास झालास म्हणून मला घातलं."

अशोक दुधाचे कॅन लावून गेला. "मॅडम, नानाला उन्हात जास्त बसवू नका. पेन्शनला आलंय ते."

सखू आजी नातसुनेच्या स्कूटीवर मागं बसून चालली होती. तिनं स्कूटी थांबवायला लावली. "ही कोण रे नाना? तुझी भाची का?"

"आमच्या साहेब आहेत, आजी."

"साहेब?" तिनं मॅडमना खालून वर बघून घेतलं. "मग हिला सांग, आमच्या दाराम्होरं खड्डा आहे. कवाच्यान सांगती तुला."

मॅडमनी हसून मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं खड्डा लिहिला. आजीला मी हात केला. तिच्यामागं कांद्याचे चार ट्रॅक्टर लागोपाठ आले, सगळे आमच्याच गावचे. प्रत्येकानं हात वर केला. मीही केला. मग एक बाहेरचा कंटेनर आला. त्याची रेघ ओढली.

दहा वाजले. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. माझी एकूण वाहनं एकोणसाठ. त्यांची एकशे सत्तेचाळीस.

मी परत मोजलं. एकोणसाठच.

"असं कसं?" मी म्हणालो. "मी तर इथंच होतो."

मॅडमनी दोन्ही कागद परत एकदा बघितले. मग म्हणाल्या, "पेन्सिल कुठल्या हातात धरता?"

"उजव्या."

"आणि राम राम कुठल्या हातानं करता?"

मी उजव्या हातातल्या पेन्सिलकडे बघितलं.

"मी तासभर तुमच्याकडेच बघत होते, शेवाळे. ज्याला तुम्ही हात केला, त्याची रेघ नाही. एकाचीही नाही. अनोळखी माणसाचं एकही वाहन तुम्ही सोडलेलं नाही."

"ते गावचे आहेत," मी म्हणालो. तोंडातून तेच आलं. "ते रोजचेच आहेत. ते काय..."

मोजणीच्या वेळी तेव्हाच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, रस्त्यावरून जाईल ते मोजायचं. मी समजलो होतो, वाहतूक म्हणजे बाहेरून येते ती. ट्रक येतात, कंटेनर येतात, ती वाहतूक. तुकाराम मार्केटला चाललाय, त्याला वाहतूक कोण म्हणतं? खरं सांगायचं तर समजलो होतो असंही नाही. तसा विचारच केला नव्हता. हात वर गेला की पेन्सिल कागदावरून उचलली जायची, आणि हात खाली येईपर्यंत पुढची गाडी आलेली असायची.

आणि मग मला ते आठवलं. त्या मोजणीच्या सात दिवसांत मथुरा रोज माझ्यासमोरून गेली होती. सकाळी आठला बायांची पिकअप फाट्यावरून केदाच्या मळ्याकडे जायची. ती मागं, दांडीला धरून उभी असायची. रोज हात करायची, मी पण करायचो. चौथ्या दिवशी तिनं पिकअप हळू करायला लावली आणि वरून विचारलं, "अहो, मला मोजलं का?"

बाया हसल्या.

मी म्हणालो, "तुला काय मोजायचं? तू तर घरची."

मॅडमना मी हे सांगितलं नाही. त्यांनी मला पाणी दिलं. मी प्यालो.

"लेखी दिलं तर काय होईल?" मी विचारलं.

"मोजणी परत लावता येईल. मी लावीनच."

"माझं विचारतोय."

"लेखी ताकीद येईल. चौकशी लागू शकते. निवृत्तीला किती राहिलेत?"

"चौदा महिने."

"मग मी तुम्हाला लिहा म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही ठरवा. पण सोमवारी मला वर पत्र पाठवायचंय."

*

नोकरीची भीती होती, नाही असं नाही. पण ती पहिली नव्हती. जबाब दिला की तो गावात कळणार, आणि केदा म्हणाला होता, ज्यानं मोजली त्याला समोर आणा. दुसऱ्या कोणाकडून त्याला कळण्याआधी मीच जायचं ठरवलं.

रविवारी दुपारी मी मळ्यात गेलो. तो चाळीपुढं बसून कांदा निवडत होता. चाळ म्हणजे कांदा साठवायची लाकडी पट्ट्यांची खोली. मला बघून उठायला लागला. मी म्हणालो, "बस." मी उभाच राहिलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मथुरेचंही सांगितलं, पिकअपचं.

तो कांदा निवडतच होता. खराब डावीकडे, चांगला उजवीकडे.

"माझा ट्रॅक्टर मोजला होता का?" त्यानं विचारलं.

"नाही. सात दिवसांत एकदाही नाही."

"का?"

"तू हात करायचास."

त्यानं एक सडका कांदा लांब फेकला. मी जायला वळणार तेवढ्यात तो म्हणाला, "वर्षभर मी एकच गोष्ट करतोय, दाजी. रोज तो ट्रॅक्टर मनात चालवतो. स्टेअरिंग वीतभर उजवीकडं ठेवलं असतं तर."

"तिथं वीतभर जागाच नव्हती. कंटेनर डांबरावर होता. मी तो रस्ता टेपनं मोजलाय, केदा. कोणीही असता तरी ट्रॉली खालीच गेली असती."

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं? दहाव्याला मी दारात बसलो होतो. तासभर."

"मला बोलता आलं नाही."

"तुम्ही गप्प बसलात. मी समजलो, तुम्हालाही तसंच वाटतं."

दोन चुका माझ्या होत्या, एक कागदावरची आणि एक ही. दुसरी मला त्याच घटकेला कळली. मी त्याच्यासमोर खाली बसलो आणि कांदा निवडायला लागलो. आम्ही अर्धा ढीग संपवला.

"जा आता," तो म्हणाला. "मला रागही आलाय अन् दुसरं काहीतरीही झालंय. आज नको बोलायला."

मी चाळीच्या बाहेर आलो. मागून त्याचा आवाज आला.

"जबाब लिहिणार का?"

"लिहिणार."

"अक्षर नीट काढा. मागच्यासारखं नको."

*

जबाब मी एका पानात लिहिला. माझ्या गावची वाहनं मी ओळखीमुळे मोजली नाहीत, हे मी मान्य करतो. सोमवारी तो वर गेला. महिन्याभरात दोन गोष्टी आल्या, मला लेखी ताकीद आणि फेरमोजणीचा आदेश. फेरमोजणी डिसेंबरात होती, लाल कांद्याच्या दिवसांत.

मॅडमनी सकाळच्या पाळीला मलाच बसवलं. सोबत तपासायला दुसऱ्या भागातला एक माणूस दिला. वरच्या साहेबांनी त्यांना विचारलं म्हणे, ज्यानं चुकवली त्यालाच परत? त्या म्हणाल्या, "चूक कुठं होते ते त्याला ठाऊक आहे. नव्या माणसाला नाही."

आदल्या दिवशी गावात सभा झाली. सरपंच म्हणाले, "प्रत्येकानं दोन दोन चकरा जास्त मारा. आकडा वाढला पाहिजे."

मी उठून उभा राहिलो. सभेत मी कधी बोललो नव्हतो. "तसं करू नका. जेवढी आहेत तेवढीच जाऊ द्या. एकदा कमी झाली होती, आता जास्त नकोत. खरी तेवढी पुरतात."

"मग आम्ही करायचं काय?" तुकारामनं विचारलं.

दामूतात्या म्हणाले, "एवढंच करायचं. सात दिवस नानाला कोणी राम राम करायचा नाही."

आणि गावानं तसं केलं. सात दिवस कोणी माझ्याकडे बघून हात वर केला नाही. अशोक मान ताठ करून जायचा, लग्नाच्या फोटोला उभा राहिल्यासारखा. तुकाराम हसू दाबायला दुसरीकडे बघायचा. सखू आजीनं स्कूटीवर पदर तोंडावर ओढून घेतला, पण पुढं गेल्यावर वळून बघितलंच. मी एकेकाची रेघ ओढत होतो. माझा हात सारखा वर जायला बघायचा. डावा हात मी त्या सात दिवसांत उजव्या मनगटावर ठेवून बसलो. शेजारचा माणूस म्हणाला, "काका, तुमच्या गावात माणसं फार तुसडी आहेत हो."

"आहेत खरी," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मळ्याकडून एक ट्रॅक्टर आला. आवाज ओळखीचा होता. ताडपत्रीखालून काढून धुतलेला. मागं ट्रॉलीत कांदा भरलेला, वर कोणी बसलेलं नव्हतं. चालवत केदा होता.

पावणेदोन वर्षांनी तो ट्रॅक्टर घेऊन मोरी ओलांडून आला होता. फाट्याजवळ त्यानं वेग कमी केला. हात स्टेअरिंगवरच ठेवले. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, पेन्सिलकडे बघत राहिला. ट्रॅक्टरच्या रकान्यात शेवटच्या गठ्ठ्यात चार उभ्या रेघा झाल्या होत्या. त्याची पाचवी. मी आडवी ओढली. ती ओढलेली बघून त्यानं गिअर टाकला आणि तो मार्केटकडे गेला.

दुपारी दोनला पाळी संपली. मी खुर्ची उचलत होतो तेव्हा तो रिकामी ट्रॉली घेऊन परतला, फाट्यावर थांबला आणि खाली उतरला.

"झाली का पाळी?"

"झाली. आता दुसरा बसलाय."

"मग आता चालतं," तो म्हणाला आणि हात वर केला. "राम राम, दाजी."

*

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. मोजणीत वाहनं भरली, लागत होती त्यापेक्षा जास्त. मंजुरीला दीड वर्ष गेलं, जमिनीच्या मोजणीला आणखी तेवढंच. मी निवृत्त झालो. डोंगरदिवे मॅडमची बदली झाली. जाताना त्या घरी येऊन चहा पिऊन गेल्या आणि मथुरेच्या फोटोपुढं थोडा वेळ उभ्या राहिल्या. पिकअपचं मी त्यांना तेव्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला अंदाज होता."

रस्ता आता सात मीटरचा आहे. दोन्ही बाजूंना दीड दीड मीटरची पक्की साईडपट्टी. कंटेनर आणि ट्रॉली समोरासमोर आल्या तर कोणी वेगही कमी करत नाही, एवढी जागा आहे. मार्केटला पोचायला पूर्वी सव्वा तास लागायचा, आता चाळीस मिनिटं. केदाच्या ट्रॉलीला मागं लाल पट्ट्या लावल्यात. बाया वेगळ्या गाडीनं जातात, बाकावर बसून. भरल्या मालावर तो कोणाला बसू देत नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या ट्रॉलीवर बाया दिसल्या तर तिथंच थांबवून भांडतो. गेल्या तीन वर्षांत माझ्या जुन्या हद्दीत माणूस दगावलेला नाही. मी रोज सकाळी फाट्यावर जाऊन बसतो. लोक हात करतात, मी करतो.

मोरीचं काम शेवटी घेतलं. वाहतूक बंद पडू नये म्हणून ती दोन भागांत करायची ठरली. ओढ्याच्या वरच्या अंगाचा भाग दिवाळीत झाला, त्याच्यावरून गाड्याही सुरू आहेत. खालच्या अंगाचा, ट्रॉली उतरली होती त्या बाजूचा, अजून बाकी आहे.